तुमच्याशिवाय तलावावर

प्रिय अहो,

आज तलावावर जाऊन आले. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायचं ते नेहमी तुम्हालाच. म्हणून लिहितेय.

यंदा चक्रवाक लवकर आले. केशरी अंगाची जोडी पलीकडच्या काठावर बसली होती. तुम्हाला ती स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच दिसली असती ना? मी पिंप्राळ्याहून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, तिथं तुमचं कोण असतं?

एक विचारू? गेल्या पौषात डॉक्टरांनी ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं. तुमच्या छातीत दुखतंय हे मला तेव्हा, त्यांच्यासमोरच कळलं. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "पाखरं परत गेली की होतो ॲडमिट." मी भांडले. लेकीला पुण्याहून बोलावलं, तिनंही विनवण्या केल्या. तुम्ही आपले दुर्बिणीची काच पुसत हसत राहिलात. पाखरं फाल्गुनात जायची होती. त्याआधी तुम्हीच गेलात. ती दरवर्षी येतात हो! एका हिवाळ्यानं काय बिघडलं असतं?

हा राग अजून गेलेला नाही.

बांधावर शेळ्या चारणाऱ्या सखूअक्का भेटल्या. त्यांना काही कळलेलंच नव्हतं. भाऊ मागून येताहेत का, असं त्यांनी लांबूनच विचारलं. मी नुसती मान हलवली. त्या समजल्या. शेळ्या तशाच सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई, मी शे ना आठे." मी आहे ना इथं, एवढंच. घरी लेकीसमोर अडवून धरलेलं सगळं रडू तिथं आलं.

मग त्यांनी विचारलं, भाऊ म्हणायचे ही पाखरं हिमालय ओलांडून येतात, खरं का? मी हो म्हटलं. वाटेत मरतात त्यांच्या जोडीदारांचं काय होतं, असं त्यांनी हळूच विचारलं. तुम्हाला याचं उत्तर देता आलं असतं?

लेक म्हणते, आता पुण्यालाच ये. उन्हाळ्यात जाईन. तोवर दर रविवारी मी तलावावर असेन. अक्कांनी एवढी वर्षं ही पाखरं लांबूनच पाहिलीत, त्यांच्या हाती दुर्बीण देईन. थापट्या बदक कोणतं, तलवार बदक कोणतं, माझा घोळ होणारच. होऊ दे. दोघी मिळून शिकू.

तुमचीच,
सुमन