भाकरी केंद्राचं खरं काय ते

माझ्या लाडक्या तंगीला, धाकट्या बहिणीला, नागरत्नाला, स्वीडनहून अक्काचे मनापासून शरणार्थ.

मी मजेत हाय. थंडी लई, पण नातीनं, आपल्या शिवलीलानं, दोन-दोन स्वेटर चढवलेत मला. ज्वारीचं पीठ पुरवून पुरवून खायलोत. तुझा गुडघा कसा हाय? तेल लावायलीस का न्हाई?

पोरगी इथल्या कॉलेजासाठी मोठं पुस्तक लिहायलीय बघ. कोणत्या देशात लोक धंदा कसा करतात, त्याच्यावर. मला लई कौतुक वाटतंय. काल म्हणाली, "आज्जी, इथली माणसं हसत सांगतात, माझा धंदा दोनदा बुडाला. अन् आपल्या मुडबी गावात एवढ्या बायांना विचारलं, एकीचाबी बुडाला न्हाई! आमचे सर चकितच झाले."

त्यात तूबी हाईस. तू तिला म्हणालीस म्हणं, "माझं भाकरी केंद्र बंद न्हाई गं, जरा थांबलंय."

तुझा ल्योक पंचाक्षरी वारला, सून माहेरी गेली, तवापासून भाकरीची चूल पेटली न्हाई, हे मला ठाऊक हाय. आपल्याकडं धंदा बुडाला म्हटलं की लोक बाईलाच नावं ठेवतात. म्हणून तसं बोललीस. पण तंगी, तिच्या पुस्तकात तुझं केंद्र अजून चालूच हाय.

केंद्र बंद पडल्याचं तुझं दुःख मी तिला सांगणार न्हाई. रविवारी ती फोन करंल, तूच सांग. लाजू नको. लेकरू गेल्यावर तू कुणाजवळ रडलीच न्हाईस. तिच्याजवळ रड.

तुझीच,
बसम्माअक्का