चौथ्या खिळ्यावरचे तोचिहारा

प्रिय आत्या,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन शाळेत होते तेव्हाही धड नव्हतं आणि आता तर शाळाच नाही. टाइप मी दोन बोटांनी करते, त्यातलं एक परवा तोचीची (रानचेस्टनटची) टणक फळं फोडताना ठेचलं, म्हणजे खरं तर दीडच बोट. त्यामुळे पत्र सावकाश वाच, लिहिलंयसुद्धा सावकाशच. वाकून नमस्कार. (खरंच वाकले, कपाळ कीबोर्डला लागून मधे सात-आठ अक्षरं उमटली होती, ती खोडली.)

तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? ओसाकात जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पहाटे उठून भात लावायचा म्हणजे थंडीत हाल होत असतील. इकडे सगळ्यांच्या पडवीत पर्सिमनची फळं वाळत टांगलीत, आमची माकडांनी नेली. बाबा बरे आहेत. बोलत नाहीत, म्हणजे चांगलेच बरे आहेत.

तर त्या दिवशी तू फोनवर बाबांना हवापाण्याचं सगळं विचारून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलंस, की मेळाव्यात माझा फोटो लागला का रे. आणि बाबा म्हणाले, "हं." मी शेजारीच बसले होते. बाबांच्या "हं"चा अर्थ हो पण होतो, नाही पण होतो आणि भात वाढ असाही होतो. फोन मी घ्यायला हवा होता, पण फोनवर माझी जीभ टाळूला चिकटते हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र लिहिते. फोटो लागला की नाही ते सरळ सांगणार नाही, कारण सरळ काही झालंच नाही.

(मधेमधे तुला माहीत असलेलंही लिहीन, काका खांद्यावरून वाचत असतील तर त्यांच्यासाठी. काका, आमच्या उशिरोदानी गावात सगळ्या घरांचं आडनाव एकच, तोचिहारा. त्यामुळे आडनावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. घराच्या नावाने मारतात. वरच्या टेकाडावरचे ते वरचे, पुलाजवळचे ते पूलवाले. आम्ही तोफूवाले. आमच्यात तोफू कोणालाच करता येत नाही, पणजोबांनंतर कोणी केलाही नाही. आम्ही तो बाजारातून आणतो, तरी तोफूवाले.)

मेळाव्याची कल्पना वरच्यांच्या तोकुजिरो आजोबांची. देशभरातल्या तोचिहारांना बोलवायचं, बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमधे जेवण घालायचं आणि भिंतीवर "नामवंत तोचिहारा" म्हणून फोटो लावायचे. गावात आता घरं थोडी आणि कुलपं जास्त, तेव्हा एक दिवस तरी भरल्यासारखं वाटावं, असं ते म्हणाले. असं ते म्हणाले तेव्हा सभेत सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं. मग पूलवाल्या शिमे आजी म्हणाल्या, "नामवंत आहेत कोण आपल्यात? आधी मोजा, मग खिळे ठोका."

मोजले तर चार निघाले. पहिला गिरणीवाल्यांचा पैलवान, जो सुमोत खालून तिसऱ्या पायरीपर्यंत चढला आणि तिथून उतरला. दुसरे कुठलेसे प्राध्यापक, ज्यांच्यामुळे एका किड्याला आपलं नाव मिळालंय (किडा शेणात राहतो, ते फोटोखाली लिहायचं नाही असं ठरलं). तिसरा तो रिले शर्यतीत धावलेला, जो खांद्यावरचा पट्टा (त्या शर्यतीत दांडीऐवजी तोच देतात) पुढच्याच्या हातात द्यायच्या आधी चार पावलांवर चक्कर येऊन पडला. टीव्हीवर अख्ख्या जपानने त्याला पडताना पाहिलं, आणि तेवढं तर कोणी आपल्या पैलवानाला जिंकतानाही पाहिलं नव्हतं. आणि चौथी तू, कारण तुझी गाण्यांची रेकॉर्ड निघाली होती. मी चार खिळे ठोकले आणि चौथ्यावर तुला टांगलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर तू काढून टेबलावर पालथी ठेवलेली. मी परत टांगली. परत पालथी. तिसऱ्यांदा तोकुजिरो आजोबा तिथेच उभे होते. म्हणाले, "तोफूवाल्यांची पोरगी, हा मेळावा कोणाचा?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"तोचिहारांचा. तुझी आत्या आता कोण? कामिजो. लग्न केलं, नाव टाकलं, गाव टाकलं. मग तिला कामिजोंच्या भिंतीवर लावा."

शिमे आजी तिथे मुळे चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या बहिणीचा फोटो पण काढा देव्हाऱ्यातून, ती पण परक्या नावाने गेली." आजोबा म्हणाले, "ती नामवंत नव्हती." आजी म्हणाल्या, "ते खरं." आणि परत मुळे चिरायला लागल्या. मला वाटलं होतं त्या अजून भांडतील.

मला पण खूप काही सुचलं. पैलवान तरी आखाड्यात तोचिहारा नावाने कुठे उतरायचा, त्याचं तिथलं नाव वेगळंच होतं. पण हे मला त्याच रात्री अंघोळीच्या गरम पाण्यात बसल्यावर सुचलं आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतं. (शाळेतही माझं असंच व्हायचं. बाईंनी वाचायला उभं केलं की सगळा वर्ग वळून बघायचा आणि माझं वाक्य घरी आल्यावर बाहेर पडायचं. शेवटी म्हटलं, वाक्य घरीच येणार असेल तर मी तरी बसने तिथवर कशाला जाऊ.)

आजोबा जाता जाता म्हणाले, "तो खिळा पण काढून टाक." मी म्हणाले, "नाही." आत्या, हॉलमधे सुरीसुद्धा थांबली. मी चारचौघांत बोलायची ही पहिलीच वेळ. मग मी घाबरून पुढे जोडलं, "निघत नाही." आजोबांनी खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून खिळ्यावर अडकवली. म्हणाले, "मग कामाला तरी येऊ दे." मेळाव्याच्या दिवशीही तिथे पैलवान, प्राध्यापक, धावपटू आणि त्यानंतर टोपी असं होतं. एक पाहुणे टोपीसमोर पण वाकून गेले. तुझा फोटो मी एप्रनच्या खिशात ठेवला होता. का ते माहीत नाही. टेबलावर पालथा बघवत नव्हता.

आता मेळावा. छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या छापायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्याही कार्यक्रमात पट्टीवर आडनाव असतं, तसं मी सुबक अक्षरात छापलं. तोकुजिरो आजोबांनी चष्मा लावून सगळा गठ्ठा तपासला आणि म्हणाले, "एकही चूक नाही." खरंच नव्हती. होक्काइदोपासून क्यूशूपर्यंतची माणसं आली, प्रत्येकाला मी वाकून पट्टी दिली, आणि हॉल भरल्यावर बघते तर सगळ्यांच्या छातीवर तोचिहारा, तोचिहारा, तोचिहारा. माणसं एकमेकांच्या छातीकडे वाकून बघायची, "अच्छा, तोचिहारा," म्हणायची, स्वतःची दाखवायची आणि पुढे काय बोलावं ते कोणाला सुचायचं नाही. मग कोणाची तरी मोटार दुधाच्या गाडीच्या आड आली आणि आजोबांनी माइकवर सांगितलं, की तोचिहारासान, कृपया गाडी हलवा. अर्धा हॉल उठून बाहेर गेला. सूप गार झालं.

मी स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या पोत्यामागे बसले. आता हॉलमधे कधीच जायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात शिमे आजी आल्या. "उठ. जाड पेन आण." "कशाला?" "घराची नावं नाहीत त्यांना, बिचाऱ्यांना. शहरातली माणसं. देऊन टाकू."

आणि आजींनी खरंच वाटली. रांग लागली, आत्या. मी पट्टी धरायची आणि आजींनी माणसाकडे एकदा बघून तोचिहाराखाली लिहायचं. "दुधाच्या गाडीआडचे." "उशिराच्या बसचे." "दोनदा सूपवाले." होक्काइदोचे एक आजोबा चष्मा घरी विसरून आले होते, त्यांना "चष्मा विसरलेले" मिळालं. दिसत नसूनही ते पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच विचारलं, "हे एकदा दिलं की राहतं का?" आजी म्हणाल्या, "तुमच्या पणतवंडांनाही चष्मा विसरलेलेच म्हणतील. त्यांची नजर कितीही चांगली असू दे." ते म्हणाले, आमच्या घरी आता मी एकटाच आहे. आजी म्हणाल्या, "मग तुम्हीच वापरा, पुरेल." त्यानंतर हॉलमधे जो गलबला झाला तो मी गावात कधी ऐकलेला नाही. बाबा म्हणतात पूर्वी रोजच असा असायचा, शाळा सुटली की. (हो, बाबा एवढं मोठं वाक्य बोलले.)

संध्याकाळी आजोबा शेवटचं भाषण करायला उभे राहिले. नाव म्हणजे काय, नाव कसं टिकवायचं, जो नाव टिकवतो तोच आपला, असं चाललं होतं. मी भिंतीशी उभी होते आणि मला कळत होतं की हे कोणाबद्दल आहे. "आणि जे नाव टाकून जातात," ते म्हणाले, "ते..."

आणि पुलाजवळच्या खांबावरचा भोंगा खरखरला. "पाच वाजले. उशिरोदानीच्या मुलांनो, खेळ आवरा, घरी जा. आज पण छान खेळलात."

तू हे म्हणालीस तेव्हा माझ्याएवढी होतीस ना? गावच्या ऑफिसच्या माणसाने आवाज टेप करायला तुला माइकसमोर उभं केलं आणि तू पुढच्याच महिन्यात गाणं शिकायला ओसाकाला गेलीस. तू विसरलीही असशील. पण आवाज गेला नाही. रोज पाचला असतो, पावसात जरा घोगरा. आता गावात मूल म्हणावं असं मी एकटीच, त्यामुळे मला वाटतं तू मलाच सांगतेस. ज्या दिवशी मी काहीच केलेलं नसतं त्या दिवशीही छान खेळलात म्हणतेस.

तर आवाज आला आणि गावातले सगळे उठले. कोणी ठरवून नाही. शिमे आजींनी गाठोडं बांधलं, गिरणीवाल्यांनी बूट शोधले, बाबा दारापर्यंत पोचले. इतकी वर्षं पाचला घरी जायची सवय, सत्तरीतही पाय ऐकतातच. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रम संपला, तेही उठले. आणि तोकुजिरो आजोबा वाक्य अर्धं टाकून माइकपासून निघाले, भिंतीपाशी आले, खिळ्यावरची टोपी काढली आणि घालायला हात वर केला. तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय करतोय ते.

चष्मा विसरलेल्यांनी विचारलं, "कोण बोललं हे?"

आजोबा टोपी हातात धरून उभे. "आमच्या तोफूवाल्यांची सेत्सुनो," ते म्हणाले.

"म्हणजे तोचिहाराच?"

आजोबांनी टोपी एकदा गोल फिरवली. आमच्या घराच्या नावातून तू कधी बाहेर गेलीच नव्हतीस, हे त्यांच्याच तोंडून निघालं होतं. "मग कोण असणार?" ते जरा चिडूनच म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "ए तोफूवाल्यांची, फोटो कुठे ठेवलास?"

मी खिशातून काढून दिला. एका कोपऱ्याला मिसोच्या सूपचा डाग पडलाय, माफ कर. त्यांनी स्वतः टांगला. खाली बाकीच्यांच्या पैलवान, प्राध्यापक, धावपटू अशा चिठ्ठ्या आहेत, तुझ्याखाली शिमे आजींनी लिहिलं, "पाच वाजता बोलणारी." फोटो जरा तिरका आहे. सरळ करायला गेले, पण खिळा वाकलाय आणि आता तो खरंच निघत नाही.

तर लागला. बाबांचं "हं" म्हणजे हो होतं.

काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझी भाची,
मिझुहो

ता. क. नवीन वर्षानंतर ऑफिसवाले भोंगा बदलणार आहेत. तुझी टेप झिजलीय, नव्या यंत्रात ती चालत नाही. त्यांच्याकडे तयार आवाज आहे, त्यांनी लावून दाखवला. तो "मुलांनो" असं म्हणतो की बँकेच्या मशीनमधून पैसे काढताना ते बोलतं तसं वाटतं. पूलवाल्यांचा कुत्रा भुंकत सुटला. गावातल्या कोणी बोलून दिलं तर चालेल म्हणाले. सभेने माझं नाव सुचवलं. मी घरी येऊन नाही म्हणाले.

ता. क. २. मग रिकाम्या हॉलमधे एकटीने म्हणून बघितलं. माझा आवाज पैलवानाच्या फोटोपर्यंत पोचतो, तुझ्यापर्यंत येत नाही. नवीन वर्षाला तू येशील का? तू म्हणून दे असं मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण आता वाटतं दोघींनी म्हणावं. "पाच वाजले" एवढं मी म्हणेन, पुढचं तू. तू शेजारी असशील तर एवढं निघेल असं वाटतं. खोली झाडून ठेवलीय. तोचीच्या पिठाचे गोड गोळे पण केलेत.

ता. क. ३. "फोटो लावायचा हे मीच आधीपासून म्हणत होतो," असं तोकुजिरो आजोबा सगळ्यांना सांगतात. तू आलीस तर हो म्हण. आणि "मी तिला बोलावलंय असं लिहू नकोस," असंही ते मला म्हणाले. म्हणून लिहिलं नाही, टाइप केलं.

ता. क. ४. काल गावात अस्वल येऊन गिरणीवाल्यांची मधमाश्यांची पेटी घेऊन गेलं. पेटी रिकामी होती.