पाण्यावर असेपर्यंत

निपाणी, ४ मे १९३८

आक्कांनी मीठ सोडलं!

दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसलो होतो. ट्रंका बांधून झालेल्या. बाबगोंडा गाड्यांच्या वेळा सांगत होता — मुंबई, मग फ्रंटियर मेल, मग रावळपिंडीहून मोटारीनं काश्मीर, तिथे तळ्यावरच्या बोटीत मुक्काम. आक्कांनी पानातलं मीठ बोटानं बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पाण्यावर हाय तवर मी मीठ खाणार न्हाय. बोटीतनं उतरला की कळवा. मग बघू."

बाबगोंडा हसला. "आक्का, बोट म्हणजे घरच असतंय गं पाण्यावरचं. खाटा हायत, खुर्च्या हायत. बुडत न्हाय ती."

"घरं बी बुडत्यात बाबा," म्हणाल्या आणि ताक ओतून घेतलं. बिनमिठाचं.

नियम घ्यायची त्यांची सवय जुनी. बाबगोंडाला देवी आल्या तेव्हा तूप सोडलं होतं, हे आजारी पडले तेव्हा गूळ. पण मीठ! आणि या वयात! त्या माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घर त्यांच्याच हाती. मी अभ्यासाच्या पुस्तकातून उठून आलेली मुलगी, मला भाकरी थापता येत नव्हती. बाबगोंडालाही त्यांनीच वाढवलं, मी फक्त जन्म दिला. त्यांना स्वतःचं मूल नाही.

माझ्यासाठी मीठ सोडलं.

५ मे

शेजारच्या गुणाबाई निरोप द्यायला आल्या. मोठ्यानं, आक्कांना ऐकू जाईल असं — "तू चाललीस गार हवा खायला, आन् ती बसली अळणी खायला! जाऊ असावी तर अशी!"

आक्का आत धान्य पाखडत होत्या. सूप क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू.

बेळगाव, ६ मे

सूनबाईच्या, सत्यवतीच्या, माहेरी शहापुरात मुक्काम. संध्याकाळी टांगा करून मी एकटीच कँपात गेले. सुनेला सांगितलं, लोकर आणते. लोकर आणली — पण माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकासमोर टांगा उभा करून कितीतरी वेळ बसून राहिले.

शिवणाच्या वर्गात सिस्टर अगाथा आपल्या गावाबद्दल सांगायच्या. थंड मुलूख. हिवाळ्यात तळं गोठतं, नावा उलट्या करून काठावर ठेवतात — झोपलेल्या म्हशींसारख्या, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. आणि उन्हाळा आला की सगळं गाव पाण्यावर! म्हातारेकोतारे, पोरं, पाव आणि चहाची किटली घेऊन दिवसभर नावेत. काही काम नाही. नुसतं असायचं. सांगता सांगता सुई थांबायची त्यांची. "तुमच्यापैकी एक तरी कधी थंड पाण्यावर नाव वल्हवेल," म्हणाल्या होत्या एकदा. आम्ही तोंडावर पदर घेऊन हसलो होतो.

लग्नानंतर हे आक्कांनाही सांगितलं होतं, पहिल्या वर्षी, चुलीपाशी. ऐकून घेतलं होतं त्यांनी.

गाडीत, ८ मे

धूळ, ऊन, कोळसा. सत्यवतीला ओकारी. दशमी मिठाशिवाय खाऊन पाहिली. अर्धीच खाल्ली.

श्रीनगर, १२ मे

काय लिहू!

सकाळी जाग आली ती थंडीनं. मे महिन्यात! खिडकीचा पडदा सारला तर खाली पाणीच, आणि पाण्यात डोंगर उलटा, माथ्यावर बर्फ. खोल श्वास घेतला — आणि कळलं की काय कमी आहे. तंबाखूचा वास! लग्न होऊन निपाणीत आल्यापासून नाकात बसलेला तो वास इथे नाहीच.

बाबगोंडाच्या ओळखीच्या रावळपिंडीच्या व्यापाऱ्यानं ही बोट ठरवून दिली. बोटवाला रमजान, त्याची बायको फाता, मागच्या लहान बोटीत त्यांचा संसार. त्यांच्याकडे मांस शिजतं, म्हणून आम्ही पुढच्या सज्ज्यावर आमची शेगडी मांडली. पाणी गाळून घेतलं, गाळण्यावर उरलेलं — घरी ते पोहऱ्यानं पुन्हा विहिरीत सोडावं लागतं, त्यातले बारीक जीव त्यांच्या पाण्यात जावेत म्हणून — इथे नुसता हात खाली केला की झालं!

दिवस असताना जेवायचा नियम. पण इथे दिवस मावळायलाच तयार नाही! बाबगोंडा म्हणाला, "आई, दोनदा जेवून घे."

आमटीत मीठ घालताना हात थांबला.

१५ मे

वल्हं विड्याच्या पानासारखं असतं. अगदी तसंच, देठासकट.

फातानं मला लहान नावेत बसवलं आणि माझ्या हातात दिलं. मी "नको नको" म्हणतेय तोवर नाव सुटली! स्वतःभोवती गिरक्या घेत गेले, पाणी अंगावर, लुगडं ओलं, बर्फासारखं पाणी. रमजान काठावरून ओरडला, "माजी, नाव को मत मारो, पानी को मारो!" सत्यवती हसून हसून खाली बसली. "आत्ती, लोक बघायलेत!"

बघू देत! मी पण हसले. इतकी हसले की बरगड्या दुखल्या. विधवा बाई, डोक्यावरचा पदर पाठीवर, आणि हसतेय.

काठाला लागले तेव्हा एकदम आठवलं. आक्का या वेळी बस्तीतल्या जिनदेवाचं दर्शन घेऊन परतत असतील. अळणी भाकरी खाऊन.

१८ मे

आता सरळ जाते. फाता शाबासकी म्हणून शालीखाली ठेवायला तिची कांगडी देते — निखाऱ्याचं मडकं, वेताच्या टोपलीत. पोटाशी मांजर घेऊन बसल्यासारखं वाटतं. आजूबाजूला नावाच नावा. फुलवाला, भाजीवाला, शाळेत जाणारी पोरं, सगळे पाण्यावर. कुणी घाईत नाही. शेजारच्या बोटीतली साहेबाची म्हातारी मला इंग्रजीत म्हणाली, तुम्ही छान वल्हवता. मी इंग्रजीत उत्तर दिलं. तिचा चहाचा कप हातातच राहिला!

सिस्टर अगाथा, बघताय ना?

२२ मे

उद्या उतरायचं ठरलं होतं. बाबगोंडा म्हणतो, रमजान आम्हाला झेलमवरून मानसबलला न्यायला तयार आहे — दुसरं तळं, याहून शांत, कमळांचं. आणखी पुष्कळ दिवस जातील. "तुझी इच्छा असेल तरच," म्हणाला.

मी म्हणाले, "आक्का?"

"आक्कांना काय हुतंय! उपासाची सवय हाय त्यांना."

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

२४ मे

दिवाणजी मारुतीरावांचं कार्ड. आक्कांना बस्तीच्या पायरीवर चक्कर आली. आप्पा वैद्य येऊन गेले, मीठ घ्या म्हणाले. ऐकत नाहीत. "पाण्यावरून उतरल्याची खबर आल्याशिवाय नाही" एवढंच म्हणतात.

मी ट्रंक काढली. लुगडी घड्या करायला घेतली. बाबगोंडा आत आला.

"आई, मानसबल राहू दे म्हणतीस व्हय?"

"उतरू या."

"त्यापेक्षा तार करू. उतरलो म्हणून. त्या मीठ खातील, आपण जाऊन येऊ. कुणाचंच नुकसान न्हाय."

"पण आपण उतरलो नाही, बाबगोंडा."

"खोटं मी बोलतोय. पाप माझ्या नावावर." मग हसून — "इंग्रजी तुझं चांगलं. मजकूर तेवढा तूच लिही."

हातात लुगडं होतं. खिडकीतून रमजान दिसत होता, मानसबलपर्यंत बोट ढकलायला लांब बांबू निवडत. मी लुगडं खाली ठेवलं.

आणि लिहिला. शाळेत बक्षीस मिळवलेल्या त्या अक्षरात. बोट सोडली, सर्व कुशल, मीठ घ्यावे.

सत्यवती शेगडीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ मे

दिवाणजींची उलट तार, पोस्टाच्या पत्त्यावर. आक्कांनी मीठ घेतलं. बस्तीत अभिषेक केला, आम्ही सुखरूप उतरलो म्हणून. गल्लीत सगळ्यांना जेवण.

बाबगोंडा म्हणाला, "बघ! किती आनंद झाला त्यांना."

व्रतातली बाई. तिचं व्रत मी मोडवलं, आणि तिला कळूही दिलं नाही. वर देवापुढे आभारही मानायला लावले! मी पाण्यावर आहे, हे लिहितानासुद्धा पाण्यावर आहे. टेबल हलतंय.

मानसबल, ३० मे

इतकं स्वच्छ पाणी की खाली गवत हलताना दिसतं. सकाळी एकटीच नाव घेऊन मधोमध गेले. वल्हं आडवं ठेवलं. आवाज नाही. थंडीनं बोटं बधिर. आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नाही — हे खरं आहे, म्हणून लिहिते. आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. दोन्ही एकाच वेळी. एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

३ जून

रमजानला विचारलं, परत फिरायला किती लागेल. "माजी, अभी तो आए हैं!" म्हणाला. मग माझा चेहरा पाहून बांबू उचलला.

बाबगोंडा रुसून दिवसभर आतच बसला. सत्यवती मात्र शेजारी येऊन बसली. "मी पण काय बोललो न्हाय त्या दिवशी, आत्ती," म्हणाली.

निपाणी, १३ जून

आक्का दारातच उभ्या. गळ्याची हाडं वर आलेली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाबगोंडाच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "काळी पडलीस गं!"

पानात मिठाची चिमूट स्वतःच्या हातानं वाढली मला.

सांगू शकले नाही.

१५ जून

सांगितलं.

दुपारी माजघरात त्या वाती वळत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात बोलले — तार आली तेव्हा आम्ही बोटीतच होतो, मजकूर माझा, बाबगोंडाचा नव्हे, मानसबल मला पाहायचं होतं. व्रत मी मोडवलं तुमचं.

हातातली वात अर्धी राहिली. मग उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. दार ओढून घेतलं.

१६ जून

आक्कांच्या पानात मीठ नाही. जितके दिवस खाल्लं तितके दिवस भरून काढणार, असं दिवाणजींना सांगितलं म्हणे. मला नाही. माझ्याशी बोलत नाहीत.

मीही मीठ वाढून घेतलं नाही. आक्कांनी पाहिलं. मिठाची वाटी उचलून माझ्या पानाशी आपटली. "खा. तुझं काय चुकलंय?"

तो टोमणाच वाटला मला. आमटीत अश्रू पडले — तेवढंच मीठ!

१७ जून

आज आक्का आपणहून माझ्या खोलीत आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या, खिडकीकडे बघत.

"तुझ्यासाठी मीठ सोडलं न्हवतं मी. ट्रंका भरायलता तुम्ही, आठ दिस. मला कुणी ये म्हणलं न्हाय. बाबगोंडानं न्हाय, तू न्हाय. त्या दिवशी मनात आलं — बुडू दे ती बोट. माझ्या पोराची बोट! असं आलं मनात. म्हणून सोडलं मीठ. गल्ली म्हणाली जावेसाठी सोडलं. मी म्हणू दिलं."

मी त्यांचा हात धरून खाटेवर बसवलं. बसल्या. हात सोडवून घेतला नाही.

मग खाली मान घालून — "लई गार असतंय व्हय गं, तिथलं पाणी?"