बुंध्याला एक फुटवा

जळकोट, ता. ३ मार्च २०२५

चि. वैजनाथ यास केवळाअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. बांधावरचे अकरा साग तू जानेवारीत जमिनीलगत तोडलेस. माळवदाला लाकूड झालं, पण बुंध्यांना अजून एक डोळा फुटला नाही. यांच्या हातची झाडं, पुन्हा फुटतील या फक्त तुझ्या शब्दावर मी तोडू दिली. शेजारचे किशनराव रोज विचारतात, की वहिनी, भावानं साग तोडले का बांधाची दाढी केली. उन्हाने तडकू नयेत म्हणून मी सगळे बुंधे शेण-मातीने छान लिंपून घेतलेत. आणखी काय करू, लगेच कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का

हदगाव, ता. ९ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि घास गोड लागेना. ती काय चूल होती, पोतेरं फिरवायला? पण लिंपू नको हे मीच सांगायला विसरलो. फुटवा वरून येत नाही, बुडाशी सालीतून येतो. तिथे ऊन-वारा लागला पाहिजे. पाणी शिंपून माती भिजव आणि हाताने धू. खुरपं लावू नकोस, साल निघाली की बुंधा गेला. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बोराटीचे काटे लाव. फुटलेच, तर पाऊस पडल्यावर बुंध्याला एकच सरळ फुटवा ठेव, बाकीचे मोड. नाहीतर सगळ्यांच्या काठ्याच होतील. वनखात्याच्या मजुरीत जन्मभर हेच केलं, तरी आज तुला खात्री देता येत नाही. किशनरावांना म्हणावं, दाढी वाढतेच.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा वैजनाथ

जळकोट, ता. २८ जून

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

नऊ फुटले, दोन गेले. तुझं पत्र अर्धं वाचूनच मी उठले आणि खुरपं लावलं, ते हे दोन. बाकीचे नऊ मी तीन दिवस बसून हाताने धुतले. महिनाभर रोज सकाळी जाऊन वाकून बघत होते.

आज सुनेला घेऊन फुटवे मोडले. शिल्पा म्हणाली, आत्या, जिवंत फुटवा मोडायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. मी म्हटलं, वैजनाथमामांनी सांगितलंय, मोड. आठ बुंध्यांवर एकेकच ठेवला. नवव्यावर दोन आहेत, सारखेच सरळ, कमरेएवढे. एकाला हात घातला आणि मागे घेतला.

तेवढा तू येऊन मोड. तोवर त्याबद्दल पत्रातून रागावू नकोस, आणि आमच्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझी अक्का