साडेमाडे म्हणजे किती?

प्रिय कारिन,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि लोक पोट धरून हसले. म्हणून हे लिहितेय. तिथंच उठून बोलणार होते, पण थकले गं. या वयात एकाच गोष्टीवर किती वेळा चिडायचं?

माजी मुख्याध्यापकांनी पुन्हा तोच किस्सा सांगितला. तू माझ्या भावाशी लग्न करून स्वीडनहून तुळजापूरला आलीस, त्या वर्षीचा. मी शिकवायचे त्या शाळेत महिलांची शर्यत होती. सरांनी मोजलं, "एक, दोन, साडेमाडे..." आणि तू सुटलीस! दोरीपाशी पोचून वळून पाहिलंस, तर बाकीच्या बायका पदर खोचून रेघेवरच हसत उभ्या.

"वैनी निघाल्या बी, अन् माझं तीन म्हणायचं ऱ्हायलंच की," सर काल म्हणाले.

तू देशासाठी पळायचीस, हे कुणी सांगितलं? रिलेत शेवटचा टप्पा तुझा असायचा, हे? सगळी कारकीर्द त्या एका साडेमाडेत गेली!

त्या दिवशी घरी येताना तू मला विचारलंस, "वन्सं, साडेमाडे म्हणजे किती?" साडेतीन तुला भाजीबाजारात कळलं होतं. मी म्हटलं, तो आकडाच नाही, पळणाऱ्याला चकवायला म्हणतात. मग तू सांगितलंस, तुझ्या शेवटच्या मोठ्या शर्यतीत पिस्तूल वाजण्याआधीच तुझा पाय निघाला होता. तुला बाद केलं. त्यानंतर तू कधी शर्यतीत उतरली नव्हतीस. उतरलीस ती थेट इथं.

आणि तरी दर गॅदरिंगला त्या किश्श्यावर तूही हसायचीस! का गं? माझ्या जिभेला अख्खं गाव बिचकतं. तू नुसती खूण केली असतीस, तर सरांना तिथंच गप्प केलं असतं. पण तू म्हणायचीस, "राहू द्या वन्सं." राहू दिलं. त्याचं हे असं झालं.

आता तुझ्या नावानं मुलींची शर्यत ठेवतायत. मोजायला सरांनाच बोलावलंय. म्हणे, साडेमाडेनंच सुरुवात करू, तेवढीच गंमत! ज्या पोरींना तू रोज पहाटे रेघेवर श्वास रोखून थांबायला शिकवलंस, त्यांना चकवायचं?

माझे गुडघे गेलेत, पण त्या रेघेपर्यंत येईन. मोजणार मी, आज सकाळीच सरांना तसं सांगून आलेय. एक, दोन, तीन. मधे काही नाही.

तुझी वन्सं,
शोभा