सभेत न बोललेल्या साहेबांस

धाकटे साहेब,

आजुबा आजी सांगतेय, नात लिहितेय.

काल आमच्या गावसभेत तुम्ही शाळेबद्दल छान बोललात, पण एका दमात! सुरिनाम नदीवरच्या आम्हां लोकांत वाक्य संपलं की थांबायचं, कुणीतरी "तसंच आहे" म्हणायचं, तरच बोलणं धरतात. गावचे कपितान, म्हणजे आमचे मुखिया, म्हणाले, "साहेब आले, जेवले, बोलले कुठे?" म्हणून शाळेला जागा कुणी दिली नाही, आणि तुम्ही रुसून होडीत बसून शहराला परत गेलात.

शाळा झाली नाही तर पणतीला शिकायला शहरात धाडावं लागेल.

नात म्हणते, "आजी, पत्र राहू दे, तूच जा."

निघालेच. कसाव्याची भाकरी बांधलीय. तुम्हाला थांबायला शिकवून सोबतच घेऊन येईन.

तुमची नवी मास्तरीण,
आजुबा