बैरूत ते सिडनी, मधे दुबई

३ मार्च

आज परत तेच! रमझीचा सिडनीहून फोन. आईचं नाव निघायच्या आधी अंतर. "मावशी, चौदा हजार किलोमीटर आहे गं. थेट विमान नाही. दुबईपर्यंत सलग चौदा तास बसून, तिथे ताटकळायचं, मग आणखी चार तास." — जणू मी भूगोलाच्या तासाला बसलेय! शाळेत सिस्टर ऑगस्टीन नकाशावर काठी आपटायच्या, पण त्यांच्या भूगोलात निदान नद्या होत्या. याच्या भूगोलात नुसत्या सबबी.

माझी बहीण नुहाद, त्याची आई, आत धापा टाकत होती. मी म्हटलं, "आईला जरा थकवा आहे, बाकी ठणठणीत." परमुलखात राहणाऱ्याला आपण फोनवर वाईट सांगत नाही. पण ‘थकवा’ ऐकलं की शहाण्याने बॅग भरायची असते. गावातली सगळी पोरं भरतात. हा दगड!

६ मार्च

डॉक्टर म्हणाले, आठवडा. फार तर.

शेजारची वदाद दारातूनच ओरडली, "काय गं, भाचा कुठवर आला?"

"हिशेबापर्यंत!"

"माझा तर आजीसाठी ब्राझीलहून धावत आला होता." — तोंड केवढं ते! हिचं ऐकून घ्यायची वेळ याच्यामुळे.

नुहादमध्ये माझ्या बहिणीसारखं काही उरलेलं नाही, फक्त हात. शाळेच्या वाटेवर ओढा आला की हाच हात माझ्या हातात घुसायचा. आज विचारते, "रमझी निघाला का?" म्हटलं, "निघेल."

७ मार्च

"मावशी, दुबईत एक दिवस थांबून आलो तर? सलग नाही जमायचं."

राजेसाहेबांना पाय मोकळे करायचेत! आई चाललीय आणि हा विसावे शोधतोय. म्हटलं, "थांब की. खिडकीची जागाही माग. उशीही माग." त्यावर तो बारीक आवाजात, "आई बरी आहे ना?"

"उत्तम!" फोन आपटला.

९ मार्च

फोन नाही. बरंच झालं. नालायक.

१० मार्च

सकाळी पाद्री येऊन नुहादच्या कपाळाला अखेरचं पवित्र तेल लावून गेले. वदाद मयताच्या घरी देतात त्या बिनसाखरेच्या कॉफीच्या बिया भाजायला बसली — माणूस घरात जिवंत असताना! माझा ताबा सुटला. फोनवर वाईट न सांगायचा तो रिवाज गेला खड्ड्यात. सिडनीला फोन लावला, स्पष्ट सांगायला: तुझी आई मरतेय, गाढवा.

उचलला त्याच्या बायकोने, डालियाने. माझं ऐकून घेतलं. मग रडली. रमझीची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच गेलीत. दिवसाआड यंत्रावर. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तरी हा दुबईतल्या दवाखान्यांना विचारत होता, एका दिवसासाठी यंत्र द्याल का. काल सगळ्यांनी नाही म्हटलं.

"आम्हाला का नाही कळवलंत?"

"मावशी, लांबच्या माणसांना असलं कुणी फोनवर सांगतं का?"

११ मार्च

नुहादला सांगितलं, रमझी विमानात बसला. ती हसली. म्हणाली, "त्याच्या पलंगावरची चादर बदल." बदलली.